किरायाचे घर आणि कोर्टाचा जुना कागद

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच अडचणीभोवती फिरतात: घर खाली करण्याचा वाद किंवा दावा, आणि त्यापायी घर मिळण्याची किंवा टिकण्याची चिंता. पत्रे थोडक्यात घेतली आहेत, नावे गाळली आहेत.

प्रश्न : लॉकडाऊनमध्ये काम बंद होतं. सात महिन्यांचा किराया थकला. मालकानं दावा लावला. मी दोनच पेशींना गेलो, निकाल माझ्याविरुद्ध लागला. पुढे घर खाली केलं अन् थकलेले २१,००० रुपये नगदी देऊन टाकले. आता दुसऱ्या गावात कृषी सेवा केंद्रावर काम लागलं. दोन जागी घराचं बोलणं ठरत आलं होतं, पण मालकाच्या पोरानं मोबाइलवर माझं नाव टाकून पाहिलं अन् नाही म्हटलं. हे नाव पुसता येते का?
— एक वाचक, मेहकर तालुका

उत्तर : पुसता येत नाही. ‘हजार-दोन हजार द्या, नेटवरून नाव काढून देतो’ म्हणणारा कोणी भेटला तर त्याला चहासुद्धा पाजू नका. पण तुमची खरी अडचण मोबाइलवर दिसणारे नाव ही नाही, ती नगदी दिलेले २१,००० रुपये ही आहे. तिकडे येतोच.

आधी त्या पोराने काय पाहिले ते समजून घ्या. वाईट किरायदारांची यादी असे कोणते सरकारी दप्तर आपल्याकडे नाही. घरमालकाचा थकलेला किराया सिबिलमध्ये (कर्जफेडीच्या नोंदीत) चढत नाही. दावा दिवाणी होता, त्यामुळे पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीतही तो गुन्हा म्हणून येत नाही. जे दिसते ते ई-कोर्ट या न्यायालयांच्या सरकारी संकेतस्थळावर. राज्य, जिल्हा, न्यायालय निवडून पक्षकाराचे नाव आणि वर्ष टाकले की दाव्यांची यादी येते. तुम्ही स्वतः हेच करून पाहा. नाव इंग्रजीत कसे टाइप झाले असेल ते सांगता येत नाही, म्हणून दोन-तीन तऱ्हेने टाका आणि प्रलंबित व निकाली दोन्ही प्रकार बघा. तुमच्या दाव्यासमोर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असेल, महाराष्ट्रात तो ‘एमएच’ने सुरू होतो. तो लिहून ठेवा, पुढे दरवेळी तोच लागतो.

तिथे ‘डिस्पोज्ड’ असे लिहिलेले असते. बघणाऱ्याला वाटते, माणूस हरला. त्याचा अर्थ फक्त प्रकरण निकाली निघाले एवढाच आहे. तडजोड झाली, दावा मागे घेतला, दोन्ही बाजू गैरहजर राहिल्या म्हणून खारीज झाला किंवा हुकूमनामा (निकालावरून निघणारा कोर्टाचा लेखी हुकूम) झाला, सगळ्यांना हाच एक शब्द. नेमके काय झाले ते खालच्या ओळीत आणि निकालपत्रात असते.

आता मुख्य गोष्ट. हुकूमनाम्याचे पैसे कोर्टाबाहेर दिले तर ते मिळाल्याची नोंद कोर्टात व्हावी लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम २ मध्ये ही तरतूद आहे. नोंद झाली नाही तर अंमलबजावणी करणारे कोर्ट ती रक्कम दिली असे धरतच नाही. हुकूमनाम्याची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, १२ वर्षांपर्यंत लावता येते. म्हणजे जुन्या मालकाच्या मनात आले, किंवा त्याच्या पश्चात वारसांना कपाटात हुकूमनामा सापडला, तर बेलीफ (कोर्टाचा हुकूम बजावणारा कर्मचारी) पुन्हा तुमच्या दारात येऊ शकतो. देणेकऱ्याने, म्हणजे तुम्ही, नोंदीसाठी अर्ज करायची मुदत पैसे दिल्यापासून फक्त ३० दिवस असते, ती तुमची गेली. मात्र हुकूमनामा ज्याच्या बाजूने आहे तो मालक नंतरही कोर्टाला कळवू शकतो की रक्कम मिळाली, ताबा मिळाला. त्यामुळे रस्ता त्याच्याकडूनच जातो.

त्याच्याकडे एकटे जाऊ नका. दोघांना ओळखणारा एक जुना माणूस सोबत न्या, वाद उकरू नका, एवढेच मागा: ज्या कोर्टाने हुकूमनामा दिला तिथे त्याने पूर्तता पुरशिस, म्हणजे सगळे मिळाल्याचे लेखी निवेदन, द्यावी. अर्ध्या पानाचा मजकूर असतो. दावा क्रमांक, हुकूमनाम्याची तारीख, ‘हुकूमनाम्यापोटी रुपये २१,००० पूर्ण मिळाले, घराचा रिकामा ताबा अमुक तारखेला मिळाला, आता काही येणे राहिले नाही’ आणि सही. वकिलाची फी आणि त्याच्या येण्याजाण्याचा खर्च तुम्ही द्या, इथे कंजुषी नको. कोर्टात यायला तयार नसेल तर निदान याच मजकुराची, दोन साक्षीदारांच्या सह्यांची पावती घ्या. कोर्टातल्या नोंदीची सर तिला नाही, पण नव्या घरमालकासमोर ती ठेवता येते.

मग नक्कल काढा. तुमच्या जुन्या तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात नक्कल विभाग असतो. दावा क्रमांक लिहून, कोर्ट फी तिकीट लावून अर्ज द्यायचा आणि निकालपत्र, हुकूमनामा, पुरशिस आणि तिच्यावरचा आदेश यांच्या प्रमाणित प्रती मागायच्या. फाइल अभिलेख कक्षात गेली असेल तर जास्त दिवस लागतात, म्हणून घर शोधायला लागण्याआधीच अर्ज टाका. ई-कोर्टवरून निकालाची प्रत फुकट उतरवता येते, ती प्रमाणित नसते, तरी दाखवायला चालते.

एवढे झाले की लपवाछपवीची गरज उरत नाही. घर पसंत पडल्यावर, किराया ठरण्याआधी, नव्या मालकाला स्वतः सांगा. ॲडव्हान्स दिल्यावर नाही आणि दारात पाय टाकल्याबरोबरही नाही. तीन वाक्ये पुरेत: लॉकडाऊनमध्ये सात महिने थकले, कोर्टात गेलं, सगळं चुकतं केलं, हे कागद. पोराने मोबाइलवर शोधून काढलेली गोष्ट आणि तुम्ही टेबलावर ठेवलेली गोष्ट एकच असली तरी मालकाच्या मनात तिचे वजन वेगवेगळे पडते. सोबत कृषी सेवा केंद्राच्या मालकाची पगाराची चिठ्ठी किंवा सहा महिन्यांचे बँक पासबुक आणि जिथे सध्या राहता तिथल्या किरायाच्या पावत्या ठेवा. नातेवाइकाकडे राहत असाल तर वीज बिल तुम्ही भरत असल्याच्या नोंदी चालतात.

भरवसा वाढवायला दोन महिन्यांऐवजी तीन महिन्यांचे डिपॉझिट देऊ करा. सहा महिन्यांचे देऊ नका, ते परत मिळवायला तुम्हालाच कोर्टात जावे लागेल. आणि ‘डिपॉझिट’ व ‘आगाऊ किराया’ हे दोन आकडे करारात वेगवेगळे लिहून घ्या. एकच ‘ॲडव्हान्स’ म्हणून लिहिले की निघताना मालक म्हणतो तो किरायात गेला.

शोधायची वेळही महत्त्वाची. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे बदल्या झालेल्यांच्या आणि परीक्षा संपलेल्या पोरांच्या खोल्या एप्रिल-मेमध्ये रिकाम्या होतात. जिनिंगच्या (कापसाची सरकी काढणाऱ्या कारखान्यांच्या) गावात दिवाळीनंतर, हंगाम सुरू असताना, शोधायला निघालात तर मालकाला तुमची गरज नसते. ज्यांची पोरे पुण्या-नागपूरला गेली आणि मागे म्हातारी माणसे किंवा कुलूपबंद घर आहे, अशांना कागदापेक्षा घराकडे बघणारा माणूस हवा असतो. ही घरे पाटीवर येत नाहीत. पानठेल्यावर, किराणा दुकानात, लाइनमनला विचारून कळतात.

प्रश्न : माझ्यावर कधीच दावा झाला नाही. तरी माझ्या नावाने ई-कोर्टवर घर खाली करण्याचा खटला दिसतो. नाव, आडनाव सारखेच आहे. घरमालक ऐकत नाही.
— एक वाचक, वरुड तालुका

उत्तर : आपल्याकडे एका गावात एकाच नावाची चार माणसे असतात, तालुक्यात विचारूच नका. त्या प्रकरणातले निकालपत्र उतरवा. पहिल्याच पानावर प्रतिवादीचे पूर्ण नाव, वय, धंदा आणि राहण्याचे ठिकाण असते. वडिलांचे नाव आणि वय तुमच्या आधारशी ताडून दोन्ही कागद शेजारी ठेवा. निकाल उतरवता येत नसेल तर त्याच कोर्टातून नक्कल मागवा. यापुढे किरायाचिठ्ठीत, पावतीत, सगळीकडे वडिलांच्या नावासह पूर्ण नाव लिहीत जा.

प्रश्न : मालकाने कोर्टात न जाताच एका रात्री आमचं सामान बाहेर काढून कुलूप लावलं. १०,००० डिपॉझिट दाबून ठेवलं. आता गावभर सांगतो की ‘त्याला मी काढलं’. हा माझ्या नावावर रेकॉर्ड झाला का?
— एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : नाही. कोर्टाचा हुकूमनामा आणि बेलीफ यांच्याशिवाय घर खाली झाले असेल तर तुमच्या नावावर काहीच चढलेले नाही. कायद्याच्या नजरेत चूक मालकाची आहे. संमतीशिवाय आणि कायद्याची वाट सोडून ताबा काढून घेतला तर विशिष्ट साहाय्य अधिनियमाच्या कलम ६ खाली ताबा परत मागता येतो. त्या दाव्यात घराचा मालक कोण हा प्रश्न येतच नाही, ताबा कोणाचा होता एवढेच बघतात. पण मुदत ताबा गेल्यापासून सहा महिने. पत्रावरून तुमची घटना मागच्या उन्हाळ्यातली दिसते, म्हणजे ती वाट बंद झाली.

डिपॉझिटचे तसे नाही, त्याला तीन वर्षे आहेत. पोचपावतीसह स्पीड पोस्टने साधी मागणी नोटीस पाठवा: किती रक्कम, कधी दिली, कशी दिली, पंधरा दिवसांत परत करा. रक्कम नगदी दिली असेल आणि पावती नसेल तर त्या वेळचे व्हॉट्सॲप संदेश जपून ठेवा, फोन बदलताना ते उडतात. पुढे तालुका विधी सेवा समितीकडे जा, तालुक्याच्या कोर्टातच तिचे कार्यालय असते. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. १५१०० वर फोन करूनही माहिती मिळते. दावा लावण्याआधी लोकअदालतीत तडजोड बघा. दहा हजारांसाठी चार वर्षे पेश्या करण्यात अर्थ नाही.

नव्या मालकाने विचारले की ‘तुला काढलं होतं म्हणे’, तर नोटिशीची प्रत दाखवा. ज्याने मागणी लेखी केली त्याची बाजू गावातही जड पडते.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. बदलीच्या गावी घर हवे, मुख्यालयी राहते म्हणून ग्रामसभेचा ठरावही मागतात. माझ्या पतींवर शहरातल्या घराचा जुना दावा झाला होता. शिवाय गावातले मालक लिहूनच देत नाहीत, म्हणतात कागद केला की किरायदार मालक होऊन बसतो. काय करावे?
— एक वाचक, ब्रह्मपुरी तालुका

उत्तर : दावा पतींवर होता, हुकूमनाम्यात तुमचे नाव नसेल तर तो तुम्हाला चिकटत नाही. करार तुमच्या नावाने करा, राहणाऱ्यांत पतींचे नाव लिहा. ते वगळून करार करणे आणि मग त्यांनी येऊन राहणे हा मात्र उगाच ओढवून घेतलेला वाद आहे. दावा मिटल्याचा कागद असेल तर मालकाला दाखवून टाका.

आता मालकाची भीती. ती अगदीच खोटी नाही, जुन्या काळी किरायदार पिढ्यानपिढ्या बसले, हे त्याने पाहिलेले असते. त्यावरचा उपाय म्हणजे लिव्ह अँड लायसन्सचा करार. यात तुम्हाला ठरावीक काळ राहण्याची परवानगी मिळते, घरात हक्क निर्माण होत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू असलेल्या भागात त्याच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपूनही कोणी खाली केले नाही तर दर महिन्याला दुप्पट रक्कम द्यावी लागते. हे वाक्य मालकाला वाचून दाखवा. कागद न करण्यातच त्याचा तोटा आहे, कारण कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी मालकाची आहे, आणि नसेल तर अटींबद्दल किरायदार म्हणेल ते खरे धरले जाते. अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही हा सार्वत्रिक समज चुकीचा आहे. स्टॅम्पवर लिहून नोटरीचा शिक्का मारणे म्हणजे नोंदणी नव्हे.

खर्चाचाही बाऊ केला जातो. समजा किराया २,५०० आणि डिपॉझिट ५,०००. अकरा महिन्यांचा किराया २७,५००. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, ते अकरा महिन्यांचे ४५८. एकूण २७,९५८, त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे हिशेबाने साधारण सत्तर रुपये. नोंदणी फी ग्रामीण भागात ५००, नगरपालिका हद्दीत १,०००. हाताळणी शुल्क धरूनही गावात सरकारी खर्च हजाराच्या आत बसतो, करून देणाऱ्याची मजुरी वेगळी. निम्मा-निम्मा वाटून घ्या, नाहीतर सगळा तुम्ही द्या.

एक छोटी अडचण नेहमी येते. ऑनलाइन नोंदणीत आधारवर अंगठा लागतो आणि शेतात राबलेल्या हातांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. विशेषतः कापूस वेचणीच्या दिवसांत बोटांची सालटे निघालेली असतात. आदल्या रात्री बोटांना खोबरेल तेल लावायला सांगा, सकाळी साबणाने धुऊन कोरडे पुसून या, अंगठा नाही तर दुसरे बोट चालवून बघा. तरीही झाले नाही तर दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन करार नोंदवता येतो.

करारावर सही करण्याआधी ग्रामपंचायतीत घराचा नमुना ८ बघा. घर मेलेल्या बापाच्या नावावर, तीन भाऊ वारस आणि किराया घेणारा त्यातला एकच, असे हटकून असते. सहा महिन्यांनी दुसरा भाऊ येऊन खाली करा म्हणतो, आणि ज्यांच्या घरात आधीच एक दावा झाला आहे त्यांनी हे दुसऱ्यांदा ओढवून घेऊ नये. सगळ्या वारसांच्या सह्या घ्या किंवा बाकीच्यांचे संमतीपत्र जोडा. विजेसाठी स्वतंत्र सब-मीटर असेल तर राहायला जायच्या दिवशी त्याच्या आकड्याचा फोटो काढा. मुख्यालयाच्या ठरावासाठी हाच नोंदलेला करार ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) दाखवता येतो.

प्रश्न : दोन आठवड्यांपूर्वी कोर्टाचा समन्स आला. सहा महिन्यांचा, महिना ३,००० प्रमाणे किराया थकला आहे. घर सोडायचे नाही, नावावर निकालही चढू द्यायचा नाही. अजून काही होऊ शकते?
— एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : होऊ शकते, आणि हे उत्तर सगळ्यांत आधी छापायला हवे होते. भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या ठिकाणी तुम्ही रीतसर किरायदार असाल, तर कलम १५ खाली समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी १५ टक्के सरळव्याजासह कोर्टात भरली, निकालापर्यंत पुढचा किराया वेळेवर भरत राहिलात आणि कोर्टाने सांगितलेला दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून घर खाली करण्याचा हुकूमनामा होत नाही. दाव्याआधी मालकाने ९० दिवसांची मागणी नोटीस द्यायला हवी होती, ती आली होती का हेही वकिलाला सांगा.

व्याज ऐकून घाबरू नका. ३,००० वर महिन्याला साडेसदतीस रुपये. सर्वांत जुना महिना सहा महिने थकला, त्यानंतरचा पाच, असे शेवटपर्यंत धरले तर एकूण २१ महिन्यांचे व्याज, ७८७ रुपये ५० पैसे. म्हणजे आजच्या घडीला भरायचे १८,७८७.५०, आणि थांबाल तसे वाढेल. चूक होते ती पुढे. लोक ही रक्कम भरतात आणि पुढच्या महिन्याचा किराया मालकाच्या हातात नगदी देतात किंवा विसरतात. एखादा महिना चुकला की संरक्षण जाऊ शकते. दर महिन्याला तारीख ठरवून कोर्टात भरा, पावती फाइलला लावा.

तीन गोष्टी वकिलाकडून आधी तपासून घ्या. हा कायदा सगळ्या गावांना लागू नाही, त्याच्या परिशिष्टांतल्या भागांनाच आहे. तो लागू नसेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाप्रमाणे महिनेवारी किरायदाराला १५ दिवसांच्या नोटिशीने काढता येते. तुमचा कागद लिव्ह अँड लायसन्सचा असेल तर कलम १५ तुमच्या कामाचे नाही. आणि मालकाने थकबाकीखेरीज स्वतःला घर हवे असल्याचे कारणही मांडले असेल, तर त्याचा निकाल पैसे भरून टळत नाही. तसे असेल तर लढण्यापेक्षा तडजोड पुरशिस करून खाली करायला सहा-आठ महिने मागून घ्या. ई-कोर्टवर मग ‘तडजोड’ दिसते.

पेशी चुकवू नका. एकतर्फी हुकूमनामा झाला तर तो रद्द करण्याचा अर्ज ३० दिवसांत द्यावा लागतो. समन्सच नीट बजावले नव्हते असे दाखवता आले तर हे दिवस हुकूमनाम्याची माहिती मिळाल्यापासून मोजतात. तुम्ही मात्र समन्स घेऊन सही केली आहे, त्यामुळे ती सवलत तुम्हाला नाही. समन्सवर आलेली तारीख आजच कॅलेंडरवर लिहा आणि ९० वा दिवस कोणता येतो तेही मोजून लिहा.